गळ्याचं तोंडी माप

५ जानेवारी

चि. बॉबिन,

आशीर्वाद. आत भरपूर माया ठेवून शिवलेत, कधी आखूड पडले तर उसवून वाढवता येतील.

सोबत सहा टेपा पाठवतो आहे. तुमच्या दवाखान्यातल्या टेपा ताणल्या गेल्यात हे वाचून मला काही नवल वाटलं नाही. टेप दोन वर्षांत अर्धा इंच खोटं बोलायला लागते, माणसाला जरा जास्त वेळ लागतो. नवी टेप आली की आधी लाकडी पट्टीला लावून बघायची आणि मगच माणसाला लावायची, हे मी तुला तू कटिंग टेबलाखाली बसून पाढे म्हणायचीस तेव्हा शिकवलं होतं. तू पाढे पाठ केलेस, हे विसरलीस.

लोकांचे गळे मोजून डॉक्टरकीची वरची परीक्षा देता येते हे आधी कळलं असतं, तर मी आत्तापर्यंत मोठा प्रोफेसर झालो असतो. मामी विचारते, लठ्ठ माणसांचेच गळे का? विचारताना बघत होती माझ्याकडे.

तू लिहिलंस की माप घेताना बायका अंग चोरतात, पुरुष श्वास रोखतात. अगं, मग आपली दुकानाची रीत विसरलीस का? मी टेप धरून माप बोलतो ते गिऱ्हाइकासाठी. मामी वहीत लिहिते ते कापडासाठी. गळ्याला दोन इंच कमी बोलायचं, कमरेला चार. मामी न बघता तेवढे वाढवून लिहिते. गिऱ्हाईक हसत घरी जातं आणि शर्टही अंगात जातो. चाळीस वर्षांत एकही कपडा परत आलेला नाही. तोंडी माप गोड असावं आणि कागदावरचं खरं असावं, एवढंच या दुकानाचं शास्त्र.

म्हणूनच सांगतो, फोन करत जाऊ नकोस. फोनवर मी तोंडी मापच देतो हे तुला ठाऊक आहे. पत्र लिहीत जा.

बाकी ठीक. जेवणानंतर बरगडीखाली उजवीकडे जरा धरतं. पट्टा घट्ट झाला असेल.

तुझा
मामा


१२ जानेवारी

मामा,

नमस्कार. वाकून केलाय आणि वाकलेलीच आहे, कारण सकाळपासून चार ऑपरेशनं झाली.

टेपा पोचल्या. तुझी रीत मी वॉर्डात सुरू केली! सिस्टर टेप धरतात आणि पाच सेंटिमीटर कमी बोलतात, मी फॉर्मवर पाच वाढवून लिहिते. काल एक बाई "एवढंच?" म्हणून इतक्या खूश झाल्या, की त्यांनी स्वतःहून कंबरही मोजू दिली.

मामीला सांग, लठ्ठ माणसांचेच गळे का ते. भूल दिली की माणूस स्वतःचा श्वास स्वतः नीट घेत नाही. मग तोंडातून श्वासनळीत एक नळी सरकवावी लागते आणि त्या नळीतून आम्ही त्याला श्वास देतो. बहुतेकांना ती अर्ध्या मिनिटात जाते. काहींना जात नाही. घशात आत चरबी असते, जीभ मागे पडते, वाट दिसतच नाही. आणि वाट शोधायला वेळ फार थोडा असतो. अडचण अशी की वरून बघून कोणाला जाईल आणि कोणाला नाही हे कळत नाही. दीडशे किलोचा माणूस कधी सरळ सुटतो आणि नव्वद किलोचा घाम फोडतो. म्हणून मी वजन, कंबर, मानेचा घेर, मशीनवर अंगातली चरबी, सोनोग्राफीने गळ्याच्या कातडीखालची चरबी, सगळं मोजते आणि मग नळी घालताना काय झालं ते लिहिते. बघायचं एवढंच, की यातलं कोणतं माप आधी इशारा देतं. आत्तापर्यंत साठ जण झाले. माझा कल गळ्याकडे आहे, पण तो तुझ्या भाचीचा कल असेल, डॉक्टरचा नव्हे.

आता तुझा पट्टा. पट्टा उजवीकडेच कसा घट्ट होतो रे? तेलकट खाल्लं की जास्त धरतं का? उद्या जाऊन सोनोग्राफी करून घे, आणि वजन, गळा, घोरतोस का, तोंड किती उघडतं, जिने चढताना दम लागतो का, तेही लिहून पाठव. नाही केलीस तर मी मामीला पत्र लिहीन, तुला नाही.

बॉबिन


२० जानेवारी

चि. बॉबिन,

आशीर्वाद. तू जिंकलीस. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. लहान-मोठे मिळून शर्टाच्या दोन डझन बटणांइतके असावेत. सर्जन म्हणाले, दुर्बिणीने काढू, पूर्ण भूल देऊन. तारीख वीस फेब्रुवारी.

तू मागवलेली मापं. वजन एकशे बारा. हे अगदी खरं, कारण ते दवाखान्याच्या काट्यावर झालं आणि काट्यावरच्या माणसाने "एकशे बारा!" असं खणखणीत आवाजात टेबलावर बसलेल्या बाईला ओरडून सांगितलं. बाहेर बाकावर माझी दोन गिऱ्हाइकं बसली होती. एकाने वर्तमानपत्र खाली केलं.

गळा सोळा. घोरणं नाही. तोंड व्यवस्थित उघडतं, मामीला विचार.

जिने चढताना दम लागतो का, असं तू विचारलंस. दुकान तळमजल्यावर आहे.

सर्जन म्हणाले की भूल देणाऱ्या डॉक्टरीण बाई आधी एकदा तपासतात. पण मला बँकेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आहे, तेव्हा मापं कागदावर पाठवली तर चालेल ना? तू त्यांना कळव. डॉक्टरांचं डॉक्टरांना बरं समजतं.

तुझा
मामा


२७ जानेवारी

मामा,

पत्र मिळालं आणि जीव भांड्यात पडला. गळा सोळा इंच म्हणजे साधारण एक्केचाळीस सेंटिमीटर. तुझ्या वजनाच्या मानाने छानच आहे. मला सतरा-अठराची धास्ती होती. तुझी कॉलर लहानपणापासून बघत आले आहे, पण पुढून बघितलं की तुझी हनुवटीच दिसते, गळा नाही.

आणखी चांगली बातमी ऐक. तुझ्या त्या दवाखान्यात भूल देते ती माझ्याच वर्गातली! उंच, मान ही एवढी लांब, सगळा वर्ग तिला जिराफ म्हणायचा आणि ती वळून हसायची. हात अतिशय हलका आहे तिचा. मी तिला तुझी मापं कळवली. ती म्हणाली, अवघड गळा असेल तर कॅमेऱ्याचं पातं लागतं, त्याने पडद्यावर आतली वाट दिसते. ते त्यांच्याकडे नाही, मोठ्या रुग्णालयातून आठवडाभर आधी सांगून मागवावं लागतं. सोळा असेल तर गरज नाही, नेहमीच्या पात्याने होईल.

तरीही तपासणीला जा. गणवेश दोन तास थांबतील.

इथे कामाचा ढीग पडलाय. प्रबंध पंचवीस फेब्रुवारीला द्यायचा आहे. मापं लिहायला एक नवी मदतनीस मिळाली आहे, अक्षर मोत्यासारखं. आता मी फक्त नळ्या घालते आणि कागद वाचते.

बॉबिन


४ फेब्रुवारी

चि. बॉबिन,

आशीर्वाद. गणवेश चालू आहेत, त्यामुळे तपासणी राहिली. जाईन.

तुझ्या जिराफाचं वर्णन वाचून तिच्यासाठी एक ब्लाउज बेतावा असं मनात आलं, पण लांब मानेला कॉलरच शोभते. मामी म्हणते आधी पिशवी काढून घ्या, मग माना बघा.

एक सांगायचं होतं. माझी मोठी कात्री तुला देऊन टाकावी म्हणतो. तुला काही उपयोग नाही, पण ती दुसऱ्या कुणाच्या हातात बरी दिसणार नाही. घाई नाही. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

तू प्रबंध सोडून इकडे येऊ-बिऊ नकोस.

तुझा
मामा


८ फेब्रुवारी

मामा,

आज थेट मुद्द्यावर येते.

परवा एका गृहस्थांचं ऑपरेशन होतं. फॉर्मवर मानेचा घेर एक्केचाळीस. मी निर्धास्त. भूल दिली, पातं घातलं, आत बघितलं तर वाटच नाही. नुसतं गुलाबी मांस. बाहेर काढलं, श्वास दिला, पुन्हा घातलं. पुन्हा नाही. मशीनचा सूर खाली खाली यायला लागला. ते मशीन बोटातल्या प्राणवायूप्रमाणे सूर बदलतं, प्राणवायू उतरला की सूर उतरतो. कोणीतरी धावत जाऊन कॅमेऱ्याचं पातं आणलं आणि तिसऱ्या खेपेला नळी गेली. गृहस्थ आता खाटेवर बसून चहा मागताहेत. मी त्या दिवशी जेवले नाही.

नंतर टेप घेऊन मीच त्यांचा गळा मोजला. सेहेचाळीस.

चूक सापडायला दोन मिनिटं लागली. सिस्टर आपल्या रीतीप्रमाणे पाच कमी बोलत होत्या. नव्या मदतनीस मुलीला ती रीत कोणी सांगितलीच नव्हती. तिने बोललेलं माप मोत्यासारख्या अक्षरात जसंच्या तसं लिहिलं. असे अकरा फॉर्म आहेत. आणि सांगायचं होतं कोणी? मी. समोर एवढी जाड मान दिसत होती, तरी मी कागदावर विश्वास ठेवला, कारण मी तुझ्या दुकानात वाढले आणि कागद खोटं बोलत नाही हे मला तिथेच शिकवलंय. सरांना सगळं सांगितलं. अकराही जणांना परत बोलावून मोजते आहे. प्रबंध पुढे ढकलावा लागला तरी चालेल.

काल दुपारी हे सगळं आवरल्यावर तुझं वीस जानेवारीचं पत्र पुन्हा काढलं. गळा सोळा. घोरणं नाही. आणि कात्री मला. मामा, मरायला निघाल्यासारखी कात्री कशाला वाटतोस?

मी फोन केला. तू "सोळा म्हणजे सोळाच" म्हणालास आणि शिलाई मशीन सुरू करून फोन ठेवलास. म्हणून कागदावर विचारते, कागदावरच उत्तर दे. तुझे सोळा तोंडी आहेत की लिहिलेले?

बॉबिन


११ फेब्रुवारी

बॉबिन,

आज आशीर्वाद शेवटी लिहितो, आधी द्यायची लाज वाटते.

साडेअठरा.

दोन इंच रीतीचे आणि अर्धा भीतीचा. चाळीस वर्षांत कागदावर खोटं लिहिण्याची ही पहिली वेळ. तेही कोणाला, तर तुला. त्या खाटेवरच्या माणसाबद्दल वाचलं आणि मला दुकानात बसवेना. त्याच्या जागी माझा गळा दिसायला लागला, आणि पातं धरणारी तू.

का लिहिलं ते सांगतो. मरणाची भीती होती का? होती. पण तेवढ्यासाठी माणूस खोटं बोलत नाही, उलट डॉक्टरला सगळं सांगून मोकळा होतो. खरं कारण त्या काट्यावरच्या माणसाचं ओरडणं. आयुष्यभर मी कुणाचं माप कुणाला ऐकू दिलं नाही. जाड नवरामुलगा असो, पोट सुटलेला शिक्षक असो, बाळंतपणानंतर आरशाकडे पाठ करून उभी राहिलेली बाई असो. टेप लावली की त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागतात. ते डोळे मला ओळखीचे आहेत, कारण ते माझेच आहेत. शाळेत गणवेशाची मापं घ्यायला आलेला शिंपी माझं माप सगळ्या वर्गापुढे ओरडला होता. त्यानंतर मी शिंपी झालो. लोकांना वाटतं मला शिवणकामाची आवड होती.

तर टेबलावर उघडा पडलेलो असताना, चार-सहा अनोळखी माणसं भोवती असताना, कुणीतरी पुन्हा ओरडणार, या विचारानेच मी तपासणी टाळली. गणवेश तर गेल्या महिन्यातच देऊन झालेत. वाटलं, सोळा लिहिलं की कुणी मोजायला येणार नाही. आता वाचताना मलाच कळतंय की हे किती खुळचट आहे. पण भीती शहाणी असती तर तिला भीती कशाला म्हटलं असतं?

आणि दुसरं. साडेअठरा कळलं असतं तर तू परीक्षा सोडून धावत आली असतीस. आलीसच असतीस, मी तुला वाढवलंय.

हा कागद खरा आहे. साक्षीला मामीची ओळ खाली आहे.

आशीर्वाद.
मामा

(बॉबिन, मी मामी. माप मी स्वतः घेतलंय, साडेअठरा, वर एक दोरा. आणि घोरतात. नुसते घोरत नाहीत, मधेच थांबतात. मग मी पायाने ढोसते, की पुन्हा सुरू होतात. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का! तीस वर्षं ढोसतेय, कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.)


१४ फेब्रुवारी

मामा,

पत्र आज सकाळी मिळालं. मी जिन्यात बसून वाचलं आणि रडले. मग चेहरा धुऊन जिराफला फोन केला.

तुला रागावणार नाही. रागवायचं होतं ते मी स्वतःला अकरा फॉर्मांवरून रागावून झालंय. आणि तू वेळेत खरं लिहिलंस, ऑपरेशनला अजून सहा दिवस शिल्लक आहेत. सहा दिवसांत बरंच होतं.

आता काय होणार ते ऐक. कॅमेऱ्याचं पातं मागवलं आहे, आठवडा उरला नव्हता तरी जिराफने गळ घातली, अठराला पोचेल. तुला सपाट झोपवणार नाहीत, पाठीखाली उशांचा उतार करतील, कान आणि छाती एका रेषेत येईल असा. तसं निजलं की जाड गळ्यातली वाटही पुष्कळ मोकळी होते. भुलीआधी तोंडावर मास्क ठेवून पाच मिनिटं प्राणवायू देतील, म्हणजे गाठीला थोडा वेळ राहील. आणखी एक मोठे डॉक्टर शेजारी उभे असतील. ऑपरेशननंतर एक रात्र जास्त ठेवतील, मामीच्या पायाऐवजी मशीन लक्ष ठेवेल. अवघड गळा आधी माहीत असला की तो निम्मा सोपा होतो. माझा सगळा प्रबंध एवढंच म्हणायला धडपडतो आहे.

मामीला सांग, इतकं उपयोगी वाक्य मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. घोरताना थांबणं हे मी फॉर्ममध्ये घातलंय, आणि तो प्रश्न पेशंटला नाही, घरच्या माणसाला विचारायचा.

मी येत नाहीये. हे कागदावर लिहिते आहे, तेव्हा खरं समज. अकरापैकी नऊ जण मोजून झाले, दोघं सोमवारी येतात. तू मला माणसं वाऱ्यावर सोडायला शिकवलेलं नाहीस.

जिराफला फोनवर सगळं सांगितलं, पण एक गोष्ट फोनवर नको म्हणून पत्राने कळवली. ती तुला सांगणार नाही.

कात्री तुझ्याकडेच ठेव.

बॉबिन


२४ फेब्रुवारी

चि. बॉबिन,

आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद. घसा अजून खवखवतो, म्हणून मामीशी बोलत नाही. ती म्हणते, ही भूल दर महिन्याला द्या.

खडे एकोणीस निघाले. डबीत घालून दिलेत. बटणं म्हणून लावता येणार नाहीत, मी बघितलं.

आता ते सांगतो. मला आत नेलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. वर पांढरा दिवा, भोवती सहा माणसं, सगळ्यांची तोंडं बांधलेली. उशांच्या उतारावर मला अर्धवट बसवलं. जिराफबाई आल्या. मान खरंच लांब आहे, घेर साडेबारा असेल. त्यांनी खिशातून टेप काढली. माझी टेप, बॉबिन! पिवळी, कडेला माझी शाईची खूण असलेली. तू तुझ्या सहातली एक त्यांना धाडलीस होय?

टेप गळ्याभोवती आली. सैलपणासाठी घालतो ती दोन बोटं आत न घालता, अगदी बरोबर, कंठमण्याच्या खाली. मी डोळे मिटून घेतले. मग त्या खणखणीत आवाजात, पार दरवाजापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गळा सोळा!"

मी डोळे उघडले. त्या माझ्या शेजारी पाटीवरच्या कागदावर लिहीत होत्या. उलटं वाचण्याची सवय शिंप्याला असतेच, गिऱ्हाइकाच्या बाजूने वही वाचावी लागते. कागदावर साडेअठरा लिहिलं होतं. खाली एक रेघही ओढली होती.

मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. शाळेतल्या त्या वर्गात मी उभा होतो, एकटा, आणि कुणीतरी आत येऊन माझं माप कमी करून बोललं, असं वाटलं. चाळीस वर्षं मी ते लोकांना देत आलो. ते कसं लागतं हे मला माहीतच नव्हतं गं. मास्क लावला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाई म्हणाल्या, "दुखतंय का काका?" मी मान हलवून नाही म्हटलं. मग दहापासून उलटे आकडे मोजायला सांगितले. मी सोळापासून सुरू केले. चौदापर्यंत पोचलो.

नळी पहिल्या खेपेला गेली. त्यांनी तुला कळवलंच असेल, तरी मीही कळवतो. वाट दिसली म्हणे, पडद्यावर, अगदी सरळ.

तुझे ते दोघं सोमवारी आले का? त्यांचेही गळे कमीच बोललीस ना?

काल दुकान उघडलं. मी स्वतःसाठी एक शर्ट बेतला. टेप मामीने धरली, वही मी घेतली. मामी म्हणाली, "सोळा." मी लिहिलं साडेअठरा आणि तिच्याकडे बघितलं. ती तोंड वळवून बटणं निवडत होती. तिचं मन मोठं आहे, पण हे तिला सांगू नकोस, वजन वाढेल.

तुझा
मामा